जावळाची घोंगडी : टोचली, पण खरी निघाली

यंदाच्या थंडीत नागपूरला रेशीमबागेच्या मैदानावरच्या प्रदर्शनातून काळी घोंगडी घेतली, २,८०० रुपयांत. मागच्या वर्षी सीताबर्डीवर ‘शुद्ध लोकर’ म्हणून घेतलेली शाल पॉलिएस्टर निघाली होती, म्हणून या वेळी तपासूनच घ्यायचं ठरवलं होतं.

आमचे आबा मेंढरं राखायचे. त्यांनी शिकवल्याप्रमाणे आधी कडेचा एक धागा मागितला आणि जाळला. केस जळल्याचा वास आला, राख बोटात चुरली. प्लॅस्टिकचा धागा वितळून कडक गोळी होते. मग घोंगडी उजेडात धरली. काळ्या विणीत खडूसारखे पांढरे, ठिसूळ केस किती दिसतात ते पाहिलं, कारण ते टोचतात, गळतात आणि रंगही धरत नाहीत. एका कोपऱ्यात बरेच होते. दाखवल्यावर विक्रेत्यानं वाद न घालता दुसरी काढून दिली. हे मला फार आवडलं.

दुसरी जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची. मुठीत दाबून सोडली की लगेच फुलते. तरी गालाला टोचतेच. मेरिनो या मऊ लोकरीच्या मेंढीचा केस साधारण २४ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत जाड असतो, आपल्या दख्खनी मेंढीचा त्याहून बराच जाड. स्वेटरसाठी ही नकोच. अंथरायला, पांघरायला मात्र हिच्यासारखं काही नाही.

चिंचोक्याच्या खळीमुळे सुरुवातीला ताठ वाटते. आठवडाभर वापरल्यावर माझी बरीच सैल झाली.