जुन्या रुग्णालयाचा चित्रमय नकाशा : विहंगमचित्र, आराखडा की पट्टी?

जुन्या रुग्णालयाच्या वर्धापनानिमित्त चित्रमय नकाशा काढायचे ठरले की पहिल्याच बैठकीत चर्चा सुरू होते ती चित्रकार कोण निवडायचा याची. त्याआधी नकाशाची जात ठरली पाहिजे. इमारतींकडे तिरक्या उंचीवरून पाहणारे विहंगमचित्र, भिंतीन् भिंत मापाबरहुकूम वरून दाखवणारा आराखडा आणि जागेपेक्षा काळाला धरून पुढे सरकणारा पट्टीनकाशा, असे तीन पर्याय समोर असतात. यांतला कोणता घ्यावा याचे उत्तर सौंदर्यदृष्टीपेक्षा एका साध्या प्रश्नावर जास्त अवलंबून आहे: आपले रुग्णालय इतकी वर्षे जागच्या जागी राहिले, थोडे सरकले, की उठून दुसरीकडे गेले?

विहंगमचित्राची मोहिनी मोठी आहे, हे आधीच मान्य करू. छपरे, धुराडी, अंगणातली झाडे आणि फाटकातून आत येणारी माणसे एका नजरेत दिसतात. नकाशा वाचायची सवय नसलेला माणूसही त्यात रमतो. या प्रकाराचा नमुना म्हणून पॅरिसचा त्युर्गो नकाशा पाहावा. मिशेल-एत्येन त्युर्गो या नगरप्रमुखाने १७३४ साली लुई ब्रेतेझ या चित्रकाराला तो सोपवला, ब्रेतेझला लोकांच्या वाड्यांत आणि बागांत शिरण्याची मुभा मिळवून दिली, आणि १७३९ साली तो वीस पानांत छापून निघाला. त्यात दूरच्या इमारती लहान होत जात नाहीत, कारण रेषा एका बिंदूकडे न धावता समांतर ठेवल्या आहेत. रुग्णालयाचे विहंगमचित्र काढून घ्यायचे असेल तर चित्रकाराकडे ही समांतर पद्धत आवर्जून मागावी, नाहीतर पुढचा बाह्यरुग्ण विभाग राजवाड्यासारखा आणि मागचा प्रसूतिगृहाचा कोपरा काडेपेटीसारखा दिसेल.

विहंगमचित्राची खरी अडचण मात्र वेगळीच आहे. त्याला एक साल निवडावे लागते. तिरक्या कोनातून इमारत दाखवायची तर ती उभी तरी असते किंवा नसते, अर्धी उभी असू शकत नाही. लंडनचे सेंट बार्थोलोम्यू रुग्णालय घ्या. राहीर नावाच्या, राजदरबारात वावरलेल्या धर्मपुरुषाने ११२३ साली ते स्थापन केले, आणि आजही ते स्मिथफील्डला त्याच जागी आहे. अठराव्या शतकात जेम्स गिब्ज या वास्तुविशारदाने मधल्या चौकाभोवती चार इमारतींची योजना आखली आणि १७३० पासून पुढची कित्येक वर्षे तिचे काम चालले. त्या चारांपैकी दक्षिणेकडची इमारत १९३० च्या दशकात पाडली गेली आणि तीन उरल्या. मग चित्रात किती दाखवायच्या? चार दाखवल्या तर आज नकाशा हातात घेऊन चौकात उभा राहणारा माणूस गोंधळतो. तीन दाखवल्या तर गिब्जची मूळ कल्पना पुसली जाते. त्याहून मोठी फसगत माणसांच्या बाबतीत होते. रक्ताभिसरणाचा शोध १६२८ साली प्रसिद्ध करणारे विल्यम हार्वे १६०९ ते १६४३ या काळात याच रुग्णालयात वैद्य होते, म्हणून चित्रकार हौसेने त्यांना चौकात उभे करतो आणि त्यांच्यामागे गिब्जच्या इमारती रंगवतो. प्रत्यक्षात त्या इमारतींचा पाया घातला गेला तेव्हा हार्वे जाऊन सत्तर वर्षे उलटली होती.

आराखड्याला ही चूक टाळता येते. भिंती म्हणजे नुसत्या रेषा असल्याने पाडलेली इमारत तुटक रेषेत, आजची ठळक रेषेत, आणि रुग्णालय मठाबरोबर चालत होते त्या काळची एखाद्या फिक्या तपकिरी रंगात, अशा तीन-चार काळांच्या भिंती एकाच कागदावर एकमेकींवर ठेवता येतात आणि तरीही प्रत्येक वेगळी वाचता येते. लंडनच्या मोठ्या आगीनंतर, नव्याने उभ्या राहिलेल्या शहराची नेमकी मोजणी हवी होती म्हणून जॉन ऑगिल्बी आणि विल्यम मॉर्गन यांनी शंभर फुटांना एक इंच या प्रमाणात १६७६ चा जो नकाशा केला, त्याची शिस्त इथे उपयोगी पडते: कुठल्याही इमारतीला, ती कितीही महत्त्वाची असो, तिच्या मापापेक्षा जास्त जागा मिळत नाही. रुग्णालयाच्या इतिहासात ही शिस्त फार मोलाची आहे, कारण कपडे धुण्याची जागा, शवागार, औषधांची कोठी या गोष्टी विहंगमचित्रात हटकून मागे झाकल्या जातात आणि रुग्णालय चालते ते त्यांच्यावरच.

आराखड्याच्या मर्यादाही हिशेबात धराव्यात. १:५०० हे प्रमाण घेतले तर ८४१ × ५९४ मिलिमीटरच्या, म्हणजे ए१ आकाराच्या कागदावर समास आणि सूची सोडून साधारण साडेतीनशे मीटर लांबीचा आवार सहज बसतो. पण त्याच प्रमाणात उभा माणूस जेमतेम साडेतीन मिलिमीटरचा, तिळापेक्षा थोडा मोठा होतो. म्हणजे माणसे प्रमाणाबाहेरच काढावी लागतात. ती काढायची तर सर्रास सगळी सारख्या आकाराची काढावीत, संस्थापक वीतभर आणि परिचारिका बोटभर असे होऊ देऊ नये.

उंचीही आराखड्यात हरवते, आणि काही रुग्णालयांचा इतिहास नेमका उंचीवरच असतो. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाचे १८२२ सालचे शस्त्रक्रियागृह शेजारच्या चर्चच्या माळ्यावर होते. भूल देण्याची पद्धत अजून आलेली नव्हती, छपरातल्या खिडकीतून येणारा उजेड हाच काय तो दिवा होता, आणि आजूबाजूच्या त्याच पोटमाळ्यावर औषधी वनस्पती वाळत घातल्या जात. वरून पाहिलेल्या आराखड्यात इथे फक्त चर्चचे छप्पर दिसेल. अशा ठिकाणी आराखड्याशेजारी त्या इमारतीचा उभा छेद, म्हणजे ती मधून कापून आतले मजले दाखवणारे चित्र, वेगळ्या चौकटीत द्यावा; संपूर्ण नकाशा त्यासाठी तिरका करण्याचे कारण नाही.

पट्टीनकाशाबद्दल थोडक्यात. याच ऑगिल्बीने १६७५ साली इंग्लंड आणि वेल्समधले रस्ते एकापुढे एक पट्ट्यांमध्ये काढले होते. प्रवासी खालून वर वाचत जायचा आणि रस्त्याबाहेरचा मुलूख त्यात जवळजवळ नसायचाच. रुग्णालय उठून गेले असेल तर रस्त्याच्या जागी काळ धरून हीच रीत कामी येते. सेंट थॉमस १८६२ मध्ये रेल्वेमुळे सदर्कहून हलले आणि १८७१ मध्ये लॅम्बेथला नदीकाठी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी पुरस्कारलेल्या मोकळ्या हवेच्या, सुट्या-सुट्या इमारतींमध्ये पुन्हा सुरू झाले. या दोन जागा एकाच आराखड्यात दाखवायच्या तर मधला अर्धा कागद रुग्णालयाशी संबंध नसलेल्या शहराने भरतो. जागा न सोडलेल्या संस्थेसाठी मात्र पट्टी म्हणजे चित्रे चिकटवलेली सनावळीच ठरते. ती नकाशा म्हणून विकत घेऊ नये.

पॅरिसचे ओतेल-द्यू रुग्णालय जागच्या जागी राहिलेले आणि उठून गेलेले या दोहोंच्या मध्ये पडते. ते जुन्या काळी सीन नदीतल्या बेटावर आणि समोरच्या काठावर असे दोन्हीकडे पसरलेले होते, मधल्या पुलावरसुद्धा रुग्ण ठेवलेले असत. १७७२ च्या आगीने त्याचा मोठा भाग गेला आणि एकोणिसाव्या शतकात जुने पाडून त्याच बेटाच्या उत्तर बाजूला नवे बांधले. त्युर्गो नकाशात दिसते ते पहिले. अशा सरकलेल्या संस्थेसाठी तळाशी मापाचा आराखडा आणि त्यावर जुन्या इमारतीचे समांतर रेषांतले छोटे विहंगमचित्र तिच्या मूळ जागीच फिकट बसवणे, हा मिश्र मार्ग मला सर्वांत योग्य वाटतो, जरी तो काढायला वेळखाऊ आहे आणि दोन्ही कामे येणारा चित्रकार चटकन सापडत नाही.

जागा न सोडलेल्या रुग्णालयासाठी माझा कौल सरळ आराखड्याला आहे, आणि चित्रांची हौस समासातल्या चौकटींत भागवावी. सेंट बार्थोलोम्यूच्या जिन्यावर विल्यम होगार्थ यांनी १७३५ ते १७३७ या काळात मोबदला न घेता दोन मोठी भित्तिचित्रे रंगवली. त्यांतल्या एकात बायबलमधल्या बेथेस्डाच्या कुंडावर जमलेल्या आजारी माणसांमध्ये कुणाला काय झाले आहे हे ओळखण्याचा खेळ वैद्य आजही खेळतात. असा ऐवज नकाशातल्या नखाएवढ्या जिन्यावर मावणार नाही. त्याला कोपऱ्यात तळहाताएवढी चौकट आणि जिन्यापर्यंत जाणारी एक बारीक रेघ द्यावी.

उरलेले दोन निर्णय लहान दिसले तरी ते लांबणीवर टाकू नयेत. पहिला, हाताने रंगवलेले मूळ चित्र की संगणकावरचे? रेषा हाताने शाईत काढून रंग आणि अक्षरे संगणकावर वेगळ्या थरांत ठेवली, तर छपाईच्या आदल्या दिवशी एखाद्या वॉर्डचे जुने नाव चुकल्याचे कळले तरी चित्राला हात लावावा लागत नाही. जलरंगावरच अक्षरे लिहिली असतील तर ती सोय नाही. दुसरा निर्णय सीमेचा. राहीर यांची कबर ज्या सेंट बार्थोलोम्यू द ग्रेट चर्चमध्ये आहे, ते एकेकाळी रुग्णालयाबरोबरच्या मठाचे होते. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले आणि १५४६ च्या सुमारास रुग्णालय शहराच्या ताब्यात दिले, तेव्हापासून संस्थापकाची कबर आजच्या आवाराबाहेर राहिली आहे. नकाशाची कड कुंपणाच्या भिंतीवर थांबवली तर ती कबर कापली जाते. म्हणून कागदाचा आकार ठरवण्याआधी जुन्या आवाराची सर्वांत मोठी हद्द शोधून काढावी आणि कड तिच्या बाहेर घ्यावी.