बटण मीच दाबलं म्हणून तक्रार कुणीच घेईना (प्रागच्या एटीएमचा अनुभव)

आधीच सांगते, मी २६ वर्षं सहकारी बँकेत कॅश काउंटरला काढली आहेत. नोट हातात आली की खोटी-खरी बोटांना कळते. त्यामुळे हे लिहायला चार महिने लागले. घरात मुलगा आणि आमचे हे सोडून कुणालाच माहीत नव्हतं, पण गेल्या आठवड्यात सोसायटीतल्या एका जोडप्याने सांगितलं की दिवाळीत आम्ही प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट करतोय, आणि मला राहवेना.

आम्ही २०२५ च्या मे महिन्यात गेलो होतो, नाशिकहून २२ जणांचा ग्रुप. टूरवाल्याने युरोचं फॉरेक्स कार्ड (आधीच युरो भरून ठेवलेलं कार्ड) घ्यायला सांगितलं, घेतलं. चेक देश २००४ पासून युरोपियन युनियनमध्ये असला तरी तिथे युरो चालत नाही, चलन कोरुना आहे, हे आम्हाला विमानात कळलं. (हंगेरीत फोरिंट, पोलंडमध्ये झ्लॉटी. युरोचं कार्ड तिथे वापरलं की क्रॉस करन्सी म्हणून वेगळे पैसे कापतात, हेही टूरवाल्याने सांगितलं नाही.) मग टूर मॅनेजर म्हणाला, फ्री टाइममध्ये जेवण तुमचं तुम्ही, थोडे कोरुना काढून ठेवा, एटीएम पावलोपावली आहेत. पावलोपावली आहेत हे खरंच आहे, आणि का आहेत ते आता कळलं.

जुन्या शहराच्या चौकात ते खगोलीय घड्याळ आहे, १४१० सालचं. दर तासाला वरच्या खिडकीतून प्रेषितांच्या मूर्ती फिरतात आणि खाली सगळं जग माना वर करून उभं असतं. अकराचे ठोके पडले, मूर्ती फिरल्या, गर्दी पांगली आणि समोरच्या दुकानाच्या भिंतीत एक चकचकीत मशीन दिसलं. कुठल्याही बँकेचं नाव नाही, मोठ्या अक्षरात फक्त एटीएम. इथेच पहिली चूक झाली. आपल्याकडे बँकेच्या नावाशिवाय मशीन दिसलं तर मीच लोकांना सांगायचे की जरा बघून वापरा हो.

युरोचं कार्ड बाजूला ठेवून आपल्या बँकेचं, रुपयाच्या खात्याचं कार्ड घातलं. आम्हाला हवे होते फार तर ३,००० कोरुना. पण स्क्रीनवर आकडेच आले १०,०००, १५,०००, २०,०००. छोटी रक्कम हवी तर कोपऱ्यातलं दुसरं बटण दाबून स्वतः आकडा टाकायचा असतो, ते मला दिसलं होतं. दिसलं होतं!! पण डोक्यात नणंदेचं बोलणं बसलेलं. ती थायलंडला गेली तेव्हा तिथल्या एटीएमने दर वेळी २२० बाट फी घेतली, चार वेळा काढले तर ८८० बाट गेले, म्हणून तिने बजावून सांगितलेलं की वहिनी, परदेशात काढायचे तर एकदम काढा. सल्ला थायलंडपुरता बरोबरच होता, तिथे फी प्रत्येक वेळेला ठरलेली असते. इथे मशीन टक्क्यांनी कापतं, त्यामुळे जितके जास्त काढाल तितके जास्त बुडाल. दाबले १०,०००.

मग ती स्क्रीन आली. रेट ४.३८, फी १९९ कोरुना, एकूण ४४,६७१.६२ रुपये, खाली मोठं हिरवं बटण ‘कन्व्हर्जनसह पुढे जा’ (म्हणजे मशीनच आपल्या रेटने रुपये करून कापणार) आणि बाजूला करड्या रंगाचं बारकं ‘कन्व्हर्जनशिवाय’. इंग्रजीत होतं, मला इंग्रजी येतं. आणि ऐका, मी पहिल्यांदा करडंच बटण दाबलं होतं!! मला आठवत होतं की परदेशात कायम तिथल्याच चलनात घ्यायचं असतं. पण करडं दाबलं तर मशीनने पैसे नाही दिले, दुसरी स्क्रीन दिली. नक्की का? तुमची बँक काय रेट लावेल ते सांगता येत नाही, आमचा रेट गॅरंटीड आहे. आणि परत तेच हिरवं बटण. मागे दोन पोरं उभी होती, हे म्हणाले, “अगं दाब ना लवकर, लोक थांबलेत.” दाबलं.

मला राग आहे तो त्या सेकंदाचा. कारण रेट माझ्या पर्समध्ये होता. सकाळीच हॉटेलच्या वायफायवर बघून डायरीत लिहिलेला, १ कोरुना = ३.८६. हिशोबाला सोपं जावं म्हणून आम्ही दोघं ४ धरत होतो. म्हणजे आम्ही मुद्दाम जास्त धरलेला आकडा, आणि मशीनचा त्याच्याही वर. १०,००० म्हणजे ४०,००० धरले आणि वरचे साडेचार हजार मनातल्या मनात ‘चार्जेस असतील’ म्हणून सोडून दिले. काउंटरला पाच रुपयांचा फरक आला तर संध्याकाळी साडेसातपर्यंत बसून शोधणारी मी! खरं सांगू, परक्या देशात त्या अगम्य अक्षरांच्या मध्ये रुपये लिहिलेले दिसले ना, त्यानेच धीर आला. ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. मशीनवाल्यांना ते पक्कं माहीत असतं.

बरं, एकदा फसून थांबलो का? एक कार्ड बंद पडलं तर म्हणून ह्यांनी त्यांच्या कार्डावर पण लगेच १०,००० काढले. तेच मशीन, तेच हिरवं बटण.

मेसेज आले असते तर निदान दुसरं कार्ड वाचलं असतं. पण तिथलं सिम घालायला आपलं सिम काढून ह्यांनी पाकिटात टाकलेलं. मुंबईला उतरल्यावर सिम घातलं आणि ठाण्यापर्यंत फोन टिंग टिंग करत होता. तर बाबांनो, आपलं सिम चालू ठेवा, डेटा बंद ठेवा, मेसेज येऊ द्या.

आता आकडे. प्रत्येक कार्डावर ४४,६७१.६२. त्यावर आपल्या बँकेचे परदेशी एटीएमचे १५० अधिक जीएसटी २७. आणि वर ३.५ टक्के मार्कअप (परदेशी व्यवहारावर बँक लावते ते जादा पैसे), १,५६३.५१, त्यावर जीएसटी २८१.४३. मी म्हटलं व्यवहार तर रुपयात झाला, मग मार्कअप कशाचा? तर बँकवाले म्हणे मशीन परदेशात आहे ना मॅडम. म्हणजे रुपयात घेतल्याची किंमत मशीनला दिली आणि परदेशात घेतल्याची आपल्या बँकेला. एकूण ४६,६९३.५६. हेच साध्या बँकेच्या एटीएमला कन्व्हर्जनशिवाय घेतले असते तर सगळे चार्जेस धरून ४०,३७१.१८ झाले असते (तिथलं मशीन स्वतःची फी घेत नसेल तर). एका कार्डामागे ६,३२२.३८, दोन मिळून १२,६४४.७६ रुपये. साडेतेरा टक्के तर नुसत्या रेटमध्ये गेले.

पुढे अजून आहे. प्रागमध्ये रोख लागतच नाही हो! ट्राममध्ये कार्ड टेकवून तिकीट मिळतं. रोख लागली ती टॉयलेटला २० कोरुना आणि एका आजीच्या फळांच्या स्टॉलवर. जेवणं, काचेच्या वस्तू सगळं मुद्दाम रोखीत घेऊनसुद्धा शेवटच्या दिवशी ११,००० उरले. बाहेर ‘० टक्के कमिशन’ लिहिलेल्या खिडकीवर ते बदलले तर हातात आले ३७२ युरो, म्हणजे युरोला २९.५० कोरुना. बाजारभाव पंचविसाच्या आत होता, निदान ४४० यायला हवे होते. कमिशन शून्यच होतं, खोटं नाही बोलले, रेटमध्येच जेवले. साडेसहा हजार रुपये तिथे. सगळे मिळून एकोणीस हजार दोनशेच्या आसपास.

आणि चीड कशाची येते? तिथे १ एप्रिल २०१९ पासून कायदा आहे, खिडकीवर साधारण १,००० युरोपर्यंतचे पैसे बदलल्याचा व्यवहार ३ तासांच्या आत पावती घेऊन जाऊन रद्द करता येतो, कारण विचारत नाहीत. हे मला कळलं नाशिकला आल्यावर. आम्ही पैसे बदलले दुपारी एकला आणि बस निघाली साडेतीनला, मधले अडीच तास त्याच चौकात आइस्क्रीम खात बसलो होतो. पावती ठेवा, टाकू नका, एवढं तरी लक्षात ठेवा. आणि रस्त्यात कुणी चांगला रेट देतो म्हणाला तर थांबूच नका, आमच्याच ग्रुपमधल्या काकांना एकजण बेलारूसच्या जुन्या नोटा टेकवत होता, टूर मॅनेजर ओरडला म्हणून वाचले.

आता आपल्या लोकांकडे येते. कस्टमर केअरला सव्वीस मिनिटं गाणं ऐकलं. मग मुलगी म्हणाली, पिन तुम्हीच टाकलाय ना? मग ट्रान्झॅक्शन सक्सेसफुल आहे. मी म्हटलं सक्सेसफुल आहे हीच तक्रार आहे! ब्रँचला गेले, तिथे डिस्प्यूट फॉर्म, त्यात पर्याय दोनच: पैसे आले नाहीत किंवा कमी आले. जास्त कापले हा रकानाच नाही. मॅनेजरला रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक दाखवलं, तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, तर तो शांतपणे म्हणाला, ते तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहाराला आहे, तुम्ही परवानगी दिलीत. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, आणि बरोबर बोलत होता, त्याचाच जास्त राग आला.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. ओटीपी दिला का? नाही. लिंक दाबली का? नाही. मग फसवणूक कुठे झाली? म्हटलं प्रागला. प्राग कुठे आलं? पोलीस स्टेशनला ह्यांना पाठवलं तर ठाणे अंमलदार म्हणाले, काका, आमची हद्द पंचवटीपर्यंत. मशीनच्या कंपनीला ईमेल केला, दोन ओळींचं उत्तर आलं की ग्राहकाने माहितीपूर्ण निवड केली आहे. मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर. त्याआधी बँकेला लेखी तक्रार करून तीस दिवस थांबावं लागतं, थांबले, रोज मोजले. तक्रार बंद केल्याचा मेसेज अकराव्या दिवशी आला, विचारात घेण्याजोगी नाही म्हणे. कोणीच खोटं बोलत नाही हो. मशीनवर सगळं लिहिलेलं होतं. ह्यांना दिसेल त्याचा फोटो काढायची सवय आहे, त्यात मी मशीनसमोर उभी असलेला पण एक फोटो आहे, तो झूम केला की हिरव्या बटणाच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात मार्कअपचा आकडा दिसतो. मीच त्याच्यावर सावली पाडून उभी.

जाणाऱ्यांनो, एटीएम बँकेच्या दारातलं, शक्यतो आतल्या लॉबीतलं, बँक उघडी असताना वापरा, कार्ड अडकलं तर विचारायला माणूस असतो. चेस्का स्पोरितेल्ना, कोमर्चनी बँका असल्या तिथल्या बँकांची मशीन आहेत. तिथेही कन्व्हर्जनचं विचारलं तर नाहीच म्हणायचं, दोनदा विचारलं तर दोनदा नाही, ‘गॅरंटीड’ शब्द दिसला की तर नाहीच. दुकानातल्या कार्ड मशीनवर रुपये का कोरुना विचारतात तेही हेच. क्रेडिट कार्डाने कॅश काढू नका, व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. बॅलन्स बघायला कार्ड घालू नका, नुसतं बघायचेही पैसे पडतात. जाण्याआधी अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर चालू करावा लागतो (२०२० पासून नवीन कार्डांवर तो बंदच असतो), तिथेच एटीएमची मर्यादा कमी करून ठेवा. मी १०,००० रुपये ठेवली असती तर मशीनला पैसे देताच आले नसते. परत आल्यावर बंद करा. पिन टाकताना हात आडवा धरा, हे मी सांगायला नको.

एकोणीस हजाराने आम्ही रस्त्यावर आलो नाही हे मान्य आहे. पण ह्यांना पेन्शन नाही, आणि माझ्या व्हीआरएसच्या व्याजातून ही ट्रिप होती.

कालच नणंदेचा फोन आला होता. वहिनी, एकदम काढलेत ना पैसे, वाचले ना? म्हटलं हो, वाचले. तिला अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.