शिक्षकांसाठीचा नेतृत्व अभ्यासक्रम: प्रेरणेवर सखोल, वेळेच्या प्रश्नावर अपुरा

वर्गात रमलेला शिक्षक विषयप्रमुखाची, पर्यवेक्षकाची किंवा मुख्याध्यापकाची जबाबदारी अंगावर का घेतो, या प्रश्नापासून सुरू होणारा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. अशा प्रशिक्षणांची सुरुवात सहसा नियमावली आणि अहवाललेखनाने होते. इथे मात्र पुढाकार घ्यावासा का वाटतो, हे आधी विचारले जाते, आणि एवढ्यासाठीही मी तो सहकाऱ्यांना आवर्जून सुचवीन.

सर्वांत कसदार आहे तो दुसरा भाग. चॅन आणि ड्रॅसगो या अभ्यासकांनी २००१ मध्ये मांडलेली नेतृत्वप्रेरणेची तीन अंगे त्यात उलगडली आहेत: नेतृत्व करणे मुळातच आवडणे, ते आपले कर्तव्य वाटणे आणि पदरात काय पडेल याचा हिशेब न मांडणे. त्याला जोडलेला स्वाध्याय साधा, पण विचार करायला लावणारा आहे. आपण स्वीकारलेले एखादे काम आठवायचे आणि ते करायला कोणी सुचवले, त्यासाठी कोणते तास सोडावे लागले, हे लिहून काढायचे. आमच्या गटात अनेकांनी लिहिले, की मुख्याध्यापकांनी किंवा एखाद्या ज्येष्ठ बाईंनी 'हे तुम्ही सांभाळाल का?' असे विश्वासाने विचारले, तेव्हाच त्यांची पावले पुढे पडली.

मात्र असा धीर फार काळ पुरत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या १९७७ च्या मांडणीनुसार आत्मविश्वासाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे स्वतः काम तडीस नेल्याचा अनुभव. म्हणूनच नवख्या शिक्षकाकडे थेट वार्षिक नियोजन सोपवण्याऐवजी आधी एका इयत्तेच्या प्रश्नपत्रिकांचे काम द्यावे, ही मार्गदर्शकांची सूचना मला फार मोलाची वाटली. वेतन आणि पदोन्नतीवरचा भाग त्रोटक आहे, पण त्याने फारसे बिघडत नाही.

खरी उणीव वेगळीच आहे. नकार देणाऱ्या शिक्षकाची प्रेरणा कमी आहे, असे इथे गृहीत धरल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात अनेक उत्तम शिक्षक मुलांपासून दूर जावे लागेल म्हणून, किंवा आहे त्याच तासांवर नव्या कामाची भर पडेल म्हणून मागे राहतात, आणि हा नकार मला पूर्णपणे रास्त वाटतो. शिकवणे न सोडता जबाबदारी अनेकांत वाटून घेण्याचा, म्हणजेच शालेय नेतृत्वाचे अभ्यासक जेम्स स्पिलेन यांच्या विभाजित नेतृत्वाचा, विचार या अडचणीला थेट भिडतो. त्याला मात्र शेवटच्या भागात जेमतेम काही मिनिटे मिळाली आहेत.

व्हिडिओ सुबोध आहेत आणि स्वाध्यायांवरचे अभिप्राय मनापासून लिहिलेले असतात. शिक्षकांनी हा अभ्यासक्रम जरूर करावा, पण शक्य असल्यास आपल्या मुख्याध्यापकांसह करावा, कारण नवी जबाबदारी देताना वेळापत्रकातले दोन तास कमी करणे त्यांच्याच हाती असते.