पेन टॅब्लेट की आयपॅड? आधी सांगा, हातात आजवर काय होतं

एलिमेंटरी-इंटरमिजिएटपासून कागदावर काम केलेल्या माणसाला डिजिटलकडे वळताना पहिली अडचण खरेदीची. स्क्रीन नसलेला पेन टॅब्लेट घ्यावा, की थेट काचेवर काढता येणारा आयपॅड? बहुतेक जण खिशाकडे बघून ठरवतात. मी आधी विचारते, तुम्ही शाईवाले की जलरंगवाले?

पेन टॅब्लेटवर हात टेबलावर फिरतो आणि नजर समोरच्या मॉनिटरवर असते. बोरू-निबवर हात बसलेल्याला हे फार जाचतं. रेष जिथे थांबली तिथूनच पुढची उचलायची तर टोक डोळ्यांसमोर हवं. जलरंगवाल्याचं तेवढं अडत नाही, कारण मोठा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरट हात, खांद्यातून येतो. पहिले काही दिवस चिडचिड दोघांचीही होते. त्यात एक गोष्ट कुणी सांगत नाही. टॅब्लेट आणि मॉनिटरचं लांबी-रुंदीचं प्रमाण सेटिंगमध्ये जुळवलं नाही, तर वर्तुळ अंड्यासारखं उमटतं आणि आपण हाताला बोल लावत बसतो.

आयपॅडवर टोक दिसतं, पण काच फार गुळगुळीत. खरखरीत कार्ट्रिज पेपरची सवय असेल तर मॅट फिल्म लावा. पकड येते, मात्र आयपॅडवर काढायच्या डिजिटल पेन्सिलचं टोक लवकर झिजतं. आयपॅडवरच्या प्रोक्रिएट या चित्रकलेच्या ॲपचे पैसे एकदाच भरायचे, पण कॅनव्हास मोठा घेतला की लेअर, म्हणजे एकावर एक ठेवायचे पारदर्शक थर, कमी मिळतात. संगणकावर क्रिता हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर फुकट आहे. ते आयपॅडवर चालत नाही.

रंगांच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे सारखीच फजिती. निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. बहुतेक ॲपमध्ये निळ्यावर अर्धपारदर्शक पिवळा फिरवला की मळकट राखाडी हाती लागतो. हिरवा वेगळा उचलावा लागतो. वॉशवर वॉश चढवायची सवय मात्र वाया जात नाही. नवा लेअर ‘मल्टिप्लाय’ या मिसळण्याच्या पर्यायावर ठेवला की खालचा रंग तसाच झिरपून दिसतो. ओल्या कागदावर रंग आपणहून पसरतो ती मजा यात नाही. रिबेल हे सॉफ्टवेअर तिची बरीच नक्कल करतं, पण त्याला दणकट संगणक लागतो.

छपाईसाठी काम करणार असाल तर ए-४ कागदाला २४८० × ३५०८ पिक्सेल धरा, म्हणजे इंचाला ३००. आणि पडद्यावरच्या झगझगीत निळ्या-हिरव्यावर भाळू नका, छापून आल्यावर ते मलूल दिसतात.

माझा कौल असा: घरी संगणक आहे आणि हात ब्रशचा आहे, तर पाचेक हजारांच्या आसपासचा टॅब्लेट पुरे. शाईवाल्याने थोडं थांबून पैसे साठवावेत आणि आयपॅडच घ्यावा. जुना घेत असाल तर पेन्सिल आधी जोडून बघा, प्रत्येक आयपॅडला प्रत्येक पेन्सिल चालत नाही.