गिटहब इश्यूज, ट्रेलो, जिरा की रेडमाइन? लहान टीमसाठी निवड

चवथीच्या आठवड्यात गोव्यात पर्वरी येथील आमच्या सॉफ्टवेअर कार्यालयातील निम्मी टीम पेडणे, सत्तरी, काणकोण येथील मूळ घरी गेलेली असते आणि मागे राहिलेल्यांना कोणाचे काम कुठवर आले आहे हे नोंदींवरूनच कळावे लागते. एकदा याच दिवसांत लॉगिनमधील एक दोष आम्ही दोघांनी स्वतंत्रपणे दुरुस्त केला, कारण 'मी बघतो' हे फक्त चॅटमध्ये लिहिले गेले होते. तेव्हापासून कामांची नोंद ठेवणारे साधन निवडताना मी एकच गोष्ट आधी पाहतो: काम करता करताच त्याची नोंद होते का?

या कसोटीवर गिटहब इश्यूज, म्हणजे कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावरील दोष व कामांची नोंदवही, सर्वांत सरस ठरते. कमिटच्या (कोडमधील बदल जतन करतानाच्या) संदेशात किंवा पुल रिक्वेस्टच्या (तो बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीच्या) वर्णनात इंग्रजीत 'फिक्सेस #४२' एवढे लिहिले, की तो बदल कोडच्या मुख्य शाखेत मर्ज होताच, म्हणजे मिसळला जाताच, ४२ क्रमांकाचा इश्यू (नोंद) आपोआप बंद होतो, आणि पुढे तो उघडणाऱ्याला दोष काय होता, चर्चा काय झाली आणि कोडच्या कोणत्या ओळी बदलल्या हे एकाच ठिकाणी सापडते. मात्र कळंगुटच्या हॉटेलमालकासारख्या ग्राहकाला हे पान दाखवले, तर तो गोंधळून जातो.

त्याच्यासाठी २०११ साली आलेले ट्रेलो उत्तम आहे. 'बाकी', 'चालू', 'पूर्ण' अशा रकान्यांतली कार्डे कोणालाही समजतात. पण कार्ड सहसा हाताने सरकवावे लागते, त्यामुळे कोड केव्हाच मर्ज झालेला असतो आणि कार्ड मात्र 'चालू'मध्येच पडून राहते.

जिराची ताकद मोठी आहे: प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळा कार्यप्रवाह, बारीक परवानग्या, स्प्रिंटचे (ठरावीक मुदतीच्या कामाच्या टप्प्याचे) अहवाल. १० जणांपर्यंत ते मोफतही आहे. तरीही चाचणी व मंजुरीचे स्वतंत्र टप्पे नसलेल्या टीमने ते घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तिथे माहितीचे रकाने भरण्यातच वेळ जातो.

माहिती स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवायची अट असेल, तर मुक्तस्रोत (कोड सर्वांना खुला असलेले) रेडमाइन पाहावे. स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येणाऱ्या जिराच्या 'सर्व्हर' आवृत्तीचा अधिकृत आधार फेब्रुवारी २०२४ मध्ये संपला आहे. फक्त तो सर्व्हर कार्यालयातच असेल, तर पावसाळ्यात वीज जाते हे लक्षात घेऊन बॅकअप रोज दुसरीकडे पोहोचेल अशी सोय आधी करावी.