जपानी शिकू की फिलिपिनो?

पुण्यात कुणी परकीय भाषा शिकायची म्हटलं की समोरचा जपानी नाहीतर जर्मन सुचवतो. फिलिपिनो कुणीच सुचवत नाही. मी जपानी रीतसर क्लास लावून शिकलो, परीक्षेच्या एन ४ या पातळीपर्यंत. फिलिपिनो शिकलो जहाजाच्या मेसमध्ये, फुकट. त्यामुळे जहाजावर किंवा आखातात निघालेली मुलं "कुठली धरू?" विचारतात तेव्हा माझं उत्तर जरा वाकडं येतं.

आधी जपानीचं देणं देऊन टाकतो. वाक्यरचनेत ती आपल्याला घरचीच वाटते. 'वाताशी वा साकाना ओ ताबेता' म्हणजे मी मासा खाल्ला. क्रियापद शेवटी, विभक्तीचं काम करणारे शब्द नामाच्या मागे. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणे, आणि हा 'मिरु' खरोखरच 'बघणे' आहे. खाऊन टाकणे, करून ठेवणे, सगळं त्यांच्याकडे आहे. हिंदीतून इंग्रजीकडे जाताना जी कसरत होते ती इथे होत नाही. 'काना', म्हणजे नुसता उच्चार दाखवणारी त्यांची अक्षरं, आ, का, सा, ता, ना अशी चालतात. हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या हातून गेलेल्या संस्कृत वर्णमालेवर बेतलेला. ४६-४६ अक्षरांचे दोन संच महिन्याभरात हाताखाली येतात.

मग कांजी, म्हणजे चिनीतून घेतलेली, अर्थ दाखवणारी अक्षरं. नित्य वापराच्या सरकारी यादीत २,१३६ आहेत, पण आकड्याला मी भ्यालो नव्हतो. पाठांतर आपल्याला नवं नाही. मला छळलं ते वेगळ्याच गोष्टीनं.

एक साधी कांजी घ्या: उभा चौकोन, मधोमध आडवी रेघ. अर्थ सूर्य किंवा दिवस. पहिल्याच आठवड्यात शिकवतात. रविवार म्हणजे 'निचियोबी', यात ही कांजी पहिली आणि शेवटचीही. पहिल्या जागी तिला 'निची' म्हणायचं, शेवटी 'बी'. देशाच्या नावात, 'निहोन'मध्ये, ती नुसती 'नि'. वीस तारखेला 'हात्सुका' म्हणतात, तिथे 'का'. 'क्यो' म्हणजे आज; तो लिहायला दोन कांजी लागतात, पण त्यातला कुठला आवाज कुणाचा हे विचारायचंच नाही. 'एक' आणि 'दिवस' शेजारी लिहिले तर एक दिवस असेल तेव्हा 'इचिनिची', महिन्याची पहिली तारीख असेल तेव्हा 'त्सुइताची'. घरात एकाच मुलाला प्रत्येकानं वेगळ्या नावानं हाक मारावी, तसं.

मिझुशिमाला आम्ही कोळसा उतरवत होतो. संध्याकाळी दोन तास बाहेर पडलो, उदोनच्या, म्हणजे जाड नूडल्सच्या, दुकानासमोर आलो. दार बंद, पाटीवर चार कांजी. पहिल्या दोन ओळखीच्या: जपान लिहितात त्याच दोन, फक्त उलट्या क्रमानं. पुढची 'विश्रांती'. म्हणजे आज बंद, हे कळलं. शेजारी सायकल लावणाऱ्या आजोबांना खात्री करून घ्यावी म्हणून पाटीकडे बोट दाखवून विचारलं, "होन-निची?" ते बघतच राहिले. मी पुन्हा, जरा मोठ्यानं. शेवटी त्यांनी पाटी वाचली आणि हसत म्हणाले, "होन्जित्सु." ती 'निची' आता 'जित्सु' झाली होती. शिकून दीड वर्ष झालं होतं, अर्थ बरोबर लागला होता, आणि तोंडातून निघालं ते कुणाच्याच कामाचं नव्हतं. जहाजावर परतून नूडल्सचं पाकीट फोडलं.

फिलिपिनोत असं होत नाही. रोमन लिपी, २८ अक्षरं, लिहिलं तसं वाचायचं. 'नांग' आणि 'मंगा' हे दोन छोटे शब्द तेवढे लिहिण्यात आखडून टाकलेत. ते पहिल्या दिवशी पाठ करा आणि विसरून जा. आघात लिहीत नाहीत ही खोट खरी: 'बाका' सरळ म्हटलं तर गाय, शेवटी झटका दिला तर 'कदाचित'. (जपानीत बाका म्हणजे मूर्ख. दोन्ही देशांची माणसं एका टेबलावर असतील तर जपून.) पण मी अर्थ न कळता मेसमधल्या कराओकेच्या पडद्यावरचं गाणं वाचून म्हणू शकत होतो, आणि शेजारचा ऑइलर अर्थ सांगत होता.

शब्दही मधूनमधून ओळख देतात. 'गुरो' म्हणजे शिक्षक, 'मुखा' म्हणजे चेहरा, 'आसा' म्हणजे आशा. 'साबोन' त्यांना स्पॅनिशांनी दिला, आपल्याला साबण पोर्तुगिजांनी. लागुना प्रांतात सापडलेल्या कर्जमाफीच्या ताम्रपटावर तर शके ८२२, वैशाख वद्य चतुर्थी, सोमवार अशी तिथी आहे. म्हणजे संकष्टीच की! आणि 'कामी' व 'तायो' हा भेद हिंदीवाल्याला समजावून सांगावा लागतो, मराठी माणसाला 'आम्ही' आणि 'आपण' एवढं म्हटलं की संपलं.

अवघड आहे ते क्रियापद. वाक्याच्या सुरुवातीला येतं आणि रोख कुणावर आहे त्याप्रमाणे रूप बदलतं. 'कुमाइन आको नांग इस्दा' म्हणजे मी मासे खाल्ले, कुठलेतरी. 'किनाइन को आंग इस्दा' म्हणजे तो, अमुक एक मासा मी खाल्ला. आपणही भाकरी 'खाल्ली' आणि आंबा 'खाल्ला' म्हणतो, क्रियापद कर्माच्या बाजूनं उभं करतो. त्यामुळे ही गाठ आपल्याला थोडी सैल जाते. तरी वर्षभर चुकतंच. दुसरी कटकट अशी की मनिलात टॅक्सीवाल्याशी बोलायला जावं तर तो इंग्रजीत उत्तर देतो. वर्गही शोधावे लागतात, जपानीसारखे गल्लोगल्ली नाहीत.

नोकरीचंच गणित असेल तर पुण्यात जपानीला तोड नाही, तिथे मी वाद घालणार नाही. जुलै आणि डिसेंबरच्या परीक्षा धरून बसा, आणि लिखाणाचा सोस असेल तर कांजी कदाचित तुम्हाला आवडेलही. पण रोज उठून फिलिपिनो माणसांबरोबर काम करणार असाल, जहाजावर, दुबईच्या हॉटेलात, इस्पितळात, तर थोडा विचार करा. माझं एन ४ चं प्रमाणपत्र फाइलमध्ये आहे. फिलिपिनोचा कुठलाच कागद माझ्याकडे नाही, पण बोलतो तीच.

जेवण झाल्यावर एकदा मी मेसमध्ये मोठ्या ऐटीत 'किनाइन को आंग इस्दा' म्हणालो. कुक थांबला. "आलिन?" म्हणजे कुठला? आणि उत्तराची वाट न बघता कॅप्टनसाठी ठेवलेला मासा जागेवर आहे का ते बघायला फ्रिजकडे गेला.