कारला मागाहून बसवलेलं सीट व्हेंटिलेशन किट: घ्यावं, पण फोम कापणारा हात बघून

कंपनीतून न आलेल्या गार सीट आता बाहेरून बसवून मिळतात. किटमध्ये साधारणपणे एका सीटला दोन पंखे (कुशनला एक, पाठीला एक), जाळीदार मॅट, तीन वेगांचं बटण आणि फ्यूज असलेली वायरिंग असते. हे पंखे केबिनमधलीच हवा फिरवतात, त्यामुळे एसी बंद असेल तर सीट गार होत नाही, फक्त घाम वाळतो. अथणी-चिक्कोडीच्या उन्हात किंवा निपाणीहून पुण्यापर्यंत सलग गाडी हाकणाऱ्याला एवढंही मोठं सुख आहे. बेळगाव शहरातल्या शहरात फिरणाऱ्याने मात्र हा खर्च करू नये. सीट गार वाटेपर्यंत घर येतं.

पंखे दोन तऱ्हेचे. ओढणारे पंखे अंगाजवळची हवा खाली खेचतात आणि लवकर गार वाटतात, पण धूळ आणि कपड्यांचे धागे फोमच्या आत जाऊन बसतात. तिथे ब्रश पोचत नाही. फुंकणारे पंखे सीटखालची हवा वर ढकलतात, त्यांचं तोंड खालून साफ करता येतं. खानापूरकडची तांबडी माती आणि ऊस हंगामातली धूळ पाहता आमची पसंती फुंकणाऱ्यालाच. तोंडाला बारीक जाळी हवीच.

खरी मेख फोममध्ये आहे. पंख्याच्या तोंडाएवढंच भोक पाडायचं आणि मॅट बसेल एवढाच फोम वरून खरवडायचा. जास्त कापला तर माणूस बसताच मॅट दबते आणि हवेची वाट बंद होते. मग पंखा नुसता घोंघावतो. मॅटच्या कडा चिकटवून बंद केल्या नाहीत तर हवा बाजूने निसटते. पंखा खालच्या स्प्रिंगला किंवा रुळाला घासत नाही ना, हे सीटवर वजन देऊनच तपासायचं. वरचं कव्हर बारीक छिद्रांचंच हवं. साध्या रेक्झिनखाली हे सगळं व्यर्थ आहे.

सगळ्यात जपायचं ते एअरबॅगला. सीटखालचा पिवळा कनेक्टर सोडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून किमान दहा मिनिटं थांबायचं. कनेक्टर सुटा असताना चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागतो आणि पुढे तो स्कॅनर (गाडीतले दोष वाचून पुसणारं यंत्र) लावूनच घालवावा लागतो. पाठीच्या बाहेरच्या कडेला साइड एअरबॅग असेल तर तिथली कंपनीची शिवण उसवू देऊ नका आणि त्यावर दुसरं कव्हर चढवू नका. जीवाशी खेळ आहे तो. शेजारच्या सीटच्या कुशनमध्ये बेल्टच्या सूचनेचा सेन्सर असतो. तो कापला गेला तर बेल्टची सूचना नीट मिळत नाही.

वीज चावीबरोबर चालू-बंद होणाऱ्या फ्यूजवरून घ्यावी. थेट बॅटरीला जोडलेला पंखा रात्री चालू राहिला तर सकाळी गाडी उठत नाही. गाडीची मूळ वायर सोलू देऊ नका, वॉरंटीवर वाद होतो. सीट पूर्ण पुढे-मागे, वर-खाली करून वायर रुळात अडकत नाही ना, तेही बघा.

गाडी ताब्यात घेताना पातळ टिश्यू पेपरचे तुकडे कुशनवर आणि पाठीवर ठेवा. फुंकणाऱ्या पंख्यावर कागद फडफडला पाहिजे, ओढणाऱ्यावर चिकटला पाहिजे. मग स्वतः बसून तिसरा वेग लावा आणि मांडीखाली वारा लागतो का पाहा. उन्हात तापलेल्या गाडीत आधी काचा खाली करून एसी चालवा, सीटचा पंखा थोड्या वेळाने. सुरुवातीला सीटखालची हवाही तापलेलीच असते.

पावसाळ्यात ओल्या कपड्यांनी बसल्यावर फोम वाळायला हेच पंखे कामी येतात. दुकानदाराकडे एकच पंखा सुटा मिळतो का, हे पैसे देण्याआधी विचारा. सुटा मिळत नसेल तर एक पंखा गेला की पूर्ण किट घ्यावं लागेल.